मधुमेह : शरीराची हाक केव्हा ऐकावी?

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त मेहरूण येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



मधुमेहावर व्याख्यान आहे असे कळले की श्रोते मनातल्या मनात पथ्याची यादी ऐकण्याची तयारी करून येतात. गोड सोडा, भात कमी करा, बटाटा खाऊ नका, वगैरे. बटाटा तर या सभागृहातील बहुतेकांनी केव्हाच सोडलेला आहे! ती यादी प्रत्येक दवाखान्यात मिळते. आजचा विषय त्या यादीत न बसणाऱ्या लहान-लहान निर्णयांचा आहे. पहाटे दोन वाजता घामाने अंग भिजून जाग आली, तर उठावे की उजाडण्याची वाट पाहावी? पर्युषणात दुसऱ्या उपवासाच्या दुपारी हात थरथरू लागले, तर ती तपाची कसोटी मानावी की शरीराची हाक? मळमळ झाली, तर ते पित्त की आणखी काही? असे प्रश्न पडतात तेव्हा डॉक्टर शेजारी नसतात. तेथे माणूस आपल्या आतल्या कौलावरच चालतो. हा कौल कितपत विश्वासार्ह आहे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. मधुमेही माणसाचे मन जेव्हा 'काहीतरी बिघडले आहे' असे सांगते, तेव्हा त्याचे ऐकावे. मात्र तेच मन 'काही होत नाही, सर्व ठीक आहे' असे सांगते, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. धोक्याची जाणीव आणि निर्धास्तपणा या दोन्ही आतूनच येतात, पण दोहोंची किंमत सारखी नाही. असे का, हे समजण्यासाठी शरीरातील व्यवहार थोडा पाहावा लागेल.

मेंदूचे इंधन मुख्यतः रक्तातील साखर हेच आहे आणि मेंदू त्याचा साठा करून ठेवू शकत नाही. रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते. त्यामुळे छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, एकाएकी कडकडून भूक लागते, उगाच भीती वाटते. ही शरीराने वाजवलेली घंटा आहे. साखर ५४ च्याही खाली गेली की मेंदूच उपाशी पडू लागतो. मग बोलणे अडखळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, वागण्यात गोंधळ होतो, आणि उपाय न झाल्यास झटका येऊन शुद्ध हरपते. हे संकट प्रामुख्याने इन्शुलिन घेणाऱ्यांवर आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांवर येते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास ते क्वचितच होते. म्हणून आपण कोणती गोळी घेतो, तिचे नाव प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. 'पांढरी छोटी गोळी' एवढी माहिती पुरेशी नाही.

घंटा वाजली की तपासणीयंत्र हाताशी असेल तर साखर मोजावी. नसेल तर वाट न पाहता १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यावे, म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटले नसल्यास तेवढेच पुन्हा घ्यावे. आपल्या जिल्ह्यात केळे सहज हाताशी असते, पण अशा वेळी आधी साखर वा ग्लुकोज घ्यावे, केळे नंतर खावे; ते पचून रक्तात उतरायला अधिक वेळ लागतो. पेढा-बर्फी तर याहून मंद, कारण तूप-मावा पचन लांबवतो. ज्यांच्या औषधांत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस आहे, त्यांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. ही औषधे घरगुती साखरेचे पचन रोखतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत साखरेचे पाणी वेळेवर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोजची पूडच जवळ बाळगावी.

अंदाज चुकला आणि साखर मुळात कमी नव्हतीच, तर काय बिघडले? दोन-तीन तास साखर थोडी चढलेली राहिली, एवढेच. अंदाज बरोबर होता आणि तो दुर्लक्षिला, तर मात्र प्राणावर बेतू शकते. दोन चुकांची किंमत इतकी विषम असताना कोणती चूक पत्करावी, हे व्यापार करणाऱ्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

येथे एक मोठी अडचण आहे. साखर कमी झाली आहे की नाही, हे ठरवणारा मेंदूच त्या वेळी उपाशी असतो. त्यामुळे माणूस पहिल्या पाच-दहा मिनिटांत स्वतःचे ऐकू शकतो, पुढे नाही. पुढे तो हट्टाने 'मला काही झालेले नाही' असे म्हणतो, हातातला पेला दूर लोटतो, कधी चिडून बोलतो. अशा वेळी घरातल्यांचा कौल रुग्णाच्या कौलापेक्षा अधिक खरा मानावा. 'आज हे असे का बोलताहेत?' अशी शंका पत्नीच्या मनात येते, ती पुष्कळदा तपासणीयंत्राच्या आधी येते. तिने वाद घालू नये; ग्लुकोजचे पाणी पुढे करावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर वळवून थेट रुग्णालयात न्यावे.

आता चौविहाराचा विचार करू. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. नवकारसीची ४८ मिनिटे धरली तर दोन आहारांत चौदा तासांचे अंतर पडते. रात्रीच्या आहाराचा त्याग हा आपल्या घरांतील शतकानुशतकांचा शिरस्ता आहे आणि अनेक मधुमेहींना संध्याकाळी लवकर जेवणे मानवतेही. परंतु 'रात्री साडेआठला जेवणानंतर' असे समजून लिहिलेली गोळी किंवा इन्शुलिन जर साडेपाचच्या जेवणाबरोबर वा जेवण न करता साडेआठलाच घेतले, तर मध्यरात्रीनंतर साखर कोसळू शकते. भयंकर स्वप्ने पडणे, घामाने कपडे भिजणे, सकाळी डोके जड होणे या रात्री घसरलेल्या साखरेच्या खुणा असू शकतात. डॉक्टरांना आपण चौविहार करतो हे सांगितलेलेच नसते, आणि डॉक्टरांनीही विचारलेले नसते. औषधाची वेळ व मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये, पण सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावी.

खरा पेच पडतो तो मध्यरात्री. एखादी श्राविका जागी होते, अंगाला कंप असतो, काय होते आहे हे तिला नीट कळते. पण पच्चक्खाण घेतलेले आहे, म्हणून ती नवकार म्हणत पहाटेची वाट पाहते. तिची श्रद्धा निर्विवाद आहे. तथापि पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत, आणि त्यांत चित्ताची समाधी ढळेल अशी तीव्र व्याधी उद्भवल्यास औषध घेण्याची मोकळीक आहे, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असूनही त्या घटकेला आठवत नाही. साखर घसरलेली असताना ग्लुकोज हे औषधच आहे. म्हणून मधुमेही तपस्व्याने हा प्रश्न मध्यरात्रीसाठी शिल्लक ठेवू नये. पच्चक्खाण घेतानाच महाराजसाहेबांना आपला आजार सांगावा, आगाराविषयी विचारून घ्यावे, आणि पौषधात तपासणीयंत्र जवळ ठेवावयाचे असेल तर त्याचीही आज्ञा आधीच घ्यावी.

दीर्घ तपाविषयी अधिक सावध बोलावे लागते. उपवासात साखर किती घसरते, याचा मोठा अभ्यास रमजानच्या रोज्यांच्या संदर्भात झाला आहे. २००१ साली १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची माहिती गोळा करण्यात आली. साखर धोकादायक रीतीने घसरण्याचे प्रमाण रमजानच्या महिन्यात टाइप १ च्या रुग्णांत ४.७ पट आणि टाइप २ च्या रुग्णांत ७.५ पट वाढलेले आढळले. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा असतो. आपला एक उपवास आदल्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ तासांचा होतो, आणि अठाईत तर आठ दिवस केवळ उकाळलेल्या पाण्यावर काढावयाचे असतात. इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनने २०१६ मध्ये काढलेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या रमजानविषयक मार्गदर्शिकेत रोजा केव्हा सोडावा हे स्पष्ट सांगितले आहे : साखर ७० च्या खाली गेली तर, ३०० च्या वर गेली तर, किंवा साखर कमी वा जास्त झाल्याची अथवा पाणी घटल्याची लक्षणे दिसू लागली तर. हे निकष आपल्या तपस्व्यांनाही उपयोगी पडतील. त्यांत आकड्यांच्या बरोबरीने लक्षणांनाही स्थान दिले आहे, हे विशेष.

टाइप १ च्या रुग्णाने खाणे बंद आहे म्हणून इन्शुलिन पूर्ण बंद केले, तर ते जीवघेणे ठरते. शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोनची आम्ले साठतात. अलीकडे टाइप २ साठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे पुष्कळ दिली जातात. हृदय आणि मूत्रपिंड यांना ती उपकारक आहेत. मात्र दीर्घ उपवासात ती घेत राहिल्यास हीच आम्ले साठू शकतात, तेही रक्तातील साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, ओकारी, पोटदुखी आणि जोराचा श्वास ही त्याची लक्षणे. घरात त्याला 'उपवासाचे पित्त' म्हटले जाते, यंत्रावर आकडा १८० दिसतो आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. येथे आकडा नव्हे, अस्वस्थता खरी असते. कीटोनची तपासणी करून घ्यावी लागते. हे औषध तपाच्या किती दिवस आधी थांबवावयाचे, हे डॉक्टरांकडून पर्युषणापूर्वीच ठरवून घ्यावे.

खान्देशच्या उन्हाळ्याने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम, चक्कर, गळून जाणे ही ऊन लागल्याची लक्षणे आणि साखर घसरल्याची लक्षणे इतकी सारखी आहेत की आपल्याकडे चक्कर आली की 'ऊन लागले' हेच निदान ठरलेले असते. मग माणसाला सावलीत निजवून वारा घालतात आणि उतार पडेपर्यंत कोणी मोजत नाही. मधुमेह्याला उन्हात चक्कर आली तर आधी साखर मोजावी. मोजता येत नसेल तर साखर घातलेले कैरीचे पन्हे द्यावे. त्याने दोन्ही शक्यतांची सोय होते. मात्र पन्हे हे रोजचे पेय करू नये.

आता दुसरी बाजू पाहू. शरीर जेव्हा काहीच सांगत नाही, तेव्हा काय समजावे? साखर साधारणपणे १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि तोवर तहान वा वारंवार लघवी यांचाही पत्ता नसतो. १६०-१७० साखर वर्षानुवर्षे वागवणारा माणूस स्वतःला निरोगी समजतो. त्या काळात डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडांत नुकसान होत असते, पण दुखत काहीच नाही. 'मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?' हे वाक्य मधुमेहाच्या बाबतीत अर्थशून्य आहे.

तीच गत डोळ्यांनी केलेल्या अंदाजाची. 'तो तर काडीसारखा आहे, त्याला कसला मधुमेह?' असे आपण सर्रास ऐकतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असू शकतो, हे एका दृष्टिक्षेपात पटवणारा असा पुरावा दुसरा क्वचितच असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटी अंदाजिली आहे. हे सर्व लोक काही जाडजूड नाहीत.

पायाचे मौन तर सर्वांत फसवे. दीर्घ मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत, आणि बोरीचा काटा पायात मोडला तर कळ मस्तकात जाते, हे येथे कोणाला सांगायला नको. तोच काटा बधिर पायात शिरला तर माणूस तलावाकाठची फेरी पूर्ण करून घरी येतो आणि चार दिवसांनी दुर्गंधी आल्यावर पाय पाहतो. वैशाखात तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालताना, थंडीत गरम पाण्याच्या पिशवीने शेकताना असेच पाय भाजतात आणि भाजल्याचे कळत नाही. विहारात महाराजसाहेबांसोबत अनवाणी चालण्याची भावना असेल, किंवा पालिताण्याची यात्रा अनवाणी करण्याचा संकल्प असेल, तर आधी पायांची संवेदना तपासून घ्यावी; दहा ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने ती दोन मिनिटांत तपासता येते. जमिनीवरील जिवाला इजा होऊ नये म्हणून खाली पाहून चालण्याची जयणा आपल्याला लहानपणापासून शिकवलेली आहे. तीच नजर रोज रात्री स्वतःच्या तळपायाकडे वळवावी. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि त्यांना काम मिळाल्याचा आनंदही होतो.

हृदयाच्या बाबतीतही मधुमेहीची वेदना दबलेली असते. छातीत कळ न येता केवळ दम लागणे, थंड घाम, जबड्यात वा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा, एवढ्यावरच हृदयविकाराचा झटका येऊन जाऊ शकतो. दाल-बाटीचे जेवण झालेले असले की 'गॅस' हे उत्तर तयारच असते. नेहमीचा गॅस कसा असतो, हे ज्याचे त्याला माहीत असते. 'हे नेहमीसारखे नाही' असे वाटले, तर सोडा पिऊन वाट न पाहता कार्डिओग्राम काढून घ्यावा. २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीने हाच धडा कठोरपणे दिला. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना त्या आजाराची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले होते. चेहऱ्याच्या एकाच बाजूचे दुखणे, नाकातून काळसर स्राव, दात हलू लागणे अशी ती लक्षणे मधुमेह्यांना अगदी नवी होती, आणि ज्यांनी ती 'सर्दी असेल' म्हणून सोडून दिली नाहीत, त्यांना उपचारास वेळ मिळाला.

असे असले तरी धोक्याची घंटाही कधी खोटी वाजते, हे सांगितले नाही तर अर्धवट सांगितल्यासारखे होईल. ज्याची साखर अनेक महिने ३०० च्या घरात आहे, तिला औषधाने १५० वर आणले की त्याला थरथर सुटते, भूक लागते, गळून गेल्यासारखे होते. शरीराला ३०० चीच सवय झालेली असते. 'औषध मानवत नाही' असा निष्कर्ष काढून येथे कित्येक जण उपचार सोडतात. मोजून पाहिल्यास साखर १५० असते, आणि काही आठवड्यांत हा त्रास आपोआप थांबतो. उलट ज्यांची साखर वारंवार घसरते, त्यांची घंटा हळूहळू वाजेनाशी होते. रक्तदाबावरील काही गोळ्याही छातीची धडधड झाकतात, घाम मात्र येतच राहतो. अशा रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे साखर मुळीच घसरू न देण्याची दक्षता घेतली, तर हरपलेली जाणीव बऱ्याच अंशी परत येते.

ही जाणीव शिकवताही येते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह्यांना स्वतःच्या शरीराच्या खुणा ओळखण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण दिले, आणि त्यांचे अंदाज सुधारल्याचे दाखवून दिले. ते मोठ्या खर्चाचे काम नाही. बोटाला सुई टोचण्यापूर्वी वहीत आपला अंदाज लिहावा, त्या घटकेला अंगात काय जाणवते आहे ते लिहावे, आणि मग यंत्रावरचा आकडा शेजारी लिहावा. महिनाभरात कळते की कोणाचा घाम खरे बोलतो, कोणाचा कंप, आणि कोणाची केवळ चिडचिड. आपला अंदाज नेहमीच चुकतो असे आढळले, तर तेही मोलाचे ज्ञान आहे. अशा व्यक्तीने गाडी चालवण्यापूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी मोजल्याशिवाय राहू नये.

शेवटी व्यवस्थेची एक गोष्ट. चातुर्मासात स्थानकात प्रथमोपचाराची पेटी असतेच. तिच्यात ग्लुकोजच्या पुड्या, चालू स्थितीतील तपासणीयंत्र आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या असाव्यात. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नये आणि खिडकीजवळ तर मुळीच नाही. खान्देशच्या उन्हात त्या खराब होतात आणि मग चुकीचा आकडा दाखवतात. उन्हाळ्यात इन्शुलिन फ्रीजच्या दारात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्शुलिन निकामी होते. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत बंद करून ठेवावे. उपवास करणाऱ्या मधुमेह्यांची नावे, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक यांची यादी एका कार्यकर्त्याकडे असावी, आणि त्याला पेटीची किल्ली कोठे आहे हे ठाऊक असावे.